ठकी बाटली घेत नाही!

बऱ्याच महिन्यांनी लिहितेय. कारण बहुतेकांना माहीत आहेच, त्यामुळे उगाच लांबण लावत नाही :) ऑक्टोबरात नात झाली आणि तेव्हापासून मी, माझे गुडघे आणि घरातलं घड्याळ, तिघंही तिच्या तालावर चाललोय. तिचं खरं नाव इथे देणार नाही, लेकीची तशी सक्त ताकीद आहे. तेव्हा इथे ती ठकी.

तर या ठकीने जानेवारीच्या अखेरीस बाटली घ्यायचं बंद केलं. वरवर पाहता एवढीशी गोष्ट. पण या एवढ्याशा गोष्टीने आमचं घर दोन महिने हलवून सोडलं, आणि मला माझ्या चौतीस वर्षांपूर्वीच्या एका जुन्या बोलण्याचा हिशेब द्यायला लावला. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी काय झालं ते सांगते. ठकी दीड महिन्याची असताना जावयाने हौसेने तिला बाटलीने दूध पाजून पाहिलं. लेकीनेच पंपाने काढलेलं, साठ मिली. ठकीने ते गटागटा संपवलं. फोटो काढले, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी अंगठे दाखवले. चला, एक काळजी मिटली! लेक मार्चमध्ये कामावर जाईल तेव्हा बाटली आहेच. मग ती बाटली धुऊन, उकळून कपाटात गेली. अंगावर पाजणं हाताशी असताना कोण कशाला बाटल्या उकळत बसतंय?

दोन महिन्यांनी बाटली पुन्हा बाहेर काढली तेव्हा समोर दुसरीच ठकी होती. निपल ओठाला लागलं की तोंड घट्ट बंद. चुकून आत गेलंच तर जिभेने बाहेर. पुन्हा दिलं तर पाठीची कमान करून असा टाहो, की खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या. कधीकधी मात्र रडायची नाही, नुसतं निपल चावत माझ्याकडे बघत बसायची. त्या नजरेचा अर्थ मी असा लावला, "आजी, गंमत पुरे झाली, आता खरं दूध आण."

मग घरात बाटल्यांची वस्ती वाढत गेली. रुंद तोंडाची, अरुंद तोंडाची, वाकड्या मानेची, एक अगदी हुबेहूब आईसारखी असल्याचा दावा करणारी. एकूण पाच. निपलं मंद धारेची, मध्यम धारेची. दूध कोमट केलं, जरा जास्त कोमट केलं. लेकीचा गाऊन मी अंगावर घेऊन बसले, वासाने फसेल म्हणून. ठकी फसली नाही, तिला गाऊन आवडला, मी नाही. अर्धवट झोपेत देऊन पाहिली. लेकीला तासभर बाहेर पाठवून, बाल्कनीत कबुतरं दाखवत देऊन पाहिली. एकदा वीस मिली गेलं तेव्हा मी जावयाला ऑफिसात फोन करून सांगितलं, इतकी आमची अवस्था झाली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य.

या काळात सल्ल्यांना तोटा नव्हता. हे वाचणाऱ्यांपैकी काही जण स्वतःला ओळखतील, त्यांनी रागवू नये. सगळ्यांना माया होती म्हणूनच बोललात. पण माझी मतं आता तयार झाली आहेत, ती सांगते.

पहिला सल्ला, सगळ्यात जास्त जणांनी दिलेला: "उपाशी ठेवा, भूक लागली की झक मारत घेईल." हा सल्ला ऐकायला खंबीर वाटतो, पण तो मोठ्या माणसाच्या भुकेचा आहे. कडकडून भूक लागलेलं, रडून लाल झालेलं चार महिन्यांचं पोर नवीन काही शिकण्याच्या मनःस्थितीत नसतं. बाटली चोखणं आणि अंगावर पिणं यांत जिभेचं, जबड्याचं काम वेगळं असतं. म्हणजे ते तिच्यासाठी नवीन कामच आहे. तुम्हाला प्रचंड भूक लागली असताना कोणी पहिल्यांदाच काड्यांनी भात खायला बसवलं तर काय कराल? भिरकावूनच द्याल ना?

दुसरा: "निपलाला मध लावा." नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यात एका घातक जंतूचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्याशा आतड्यात ते वाढून विष तयार करतात. आपल्याकडे जन्मल्या जन्मल्या मधाचं बोट चाटवायची पद्धत होती, मीही लेकीला चाटवलं आहे. कळलं नव्हतं तोवर ठीक. आता कळल्यावर नाही.

तिसरा: "चौथा महिना लागलाच आहे, नाचणीचं सत्त्व सुरू करून टाका." हे मलाही पटत होतं. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईचंच दूध, वरचं खाणं त्यानंतर. केवळ आपल्या सोयीसाठी तिचं वय पुढे ढकलता येणार नाही, असं त्या म्हणाल्या आणि मी गप्प बसले.

डॉक्टरीणबाईंनी आधी ठकीचे कान पाहिले, तोंडात पांढरा बुरा आलाय का ते पाहिलं, नाक चोंदलंय का ते पाहिलं, वजन केलं. बाळ एकाएकी प्यायचं बंद करतं तेव्हा आधी हे बघायचं असतं. अंगावरचंही घेत नसेल, मलूल असेल, शूचे लंगोट कमी झाले असतील, टाळू खोल गेलेली वाटत असेल तर सल्ल्यांची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा. ठकीचं तसं काही नव्हतं. अंगावर उत्तम पीत होती, दिवसाला सहा-सात लंगोट भिजवत होती.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला फार आवडलं. म्हणाल्या, पहिल्या काही आठवड्यांत चोखणं ही बाळाची आपोआप होणारी क्रिया असते. तोंडात काही गेलं की ते चोखणारच. तीन-चार महिन्यांच्या सुमारास ते आपोआपपण ओसरतं आणि चोखणं बाळाच्या मर्जीवर येतं. म्हणजे दीड महिन्याची ठकी बाटली प्यायली त्यात तिची संमती नव्हतीच. आता तिला मत आलंय. आणि आयुष्यातलं पहिलं मत तिने बाटलीच्या विरोधात दिलं!

त्यांनी आणखी एक विचारलं, "फ्रिजमधल्या दुधाचा वास घेऊन पाहिलाय का?" नव्हता पाहिला. घरी येऊन पाहिला तर साबणासारखा वास. काही आयांच्या दुधात चरबी फोडणारं एक द्रव्य जास्त असतं, त्यामुळे साठवलेल्या दुधाला असा वास येतो. दूध खराब झालेलं नसतं, पण पिणाऱ्याला चव आवडेलच असं नाही. दूध काढल्या काढल्या कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवून लगेच गार केलं तर तो वास येत नाही. आम्ही तेही केलं. ठकीने तरीही बाटली घेतली नाही, पण निदान आपण तिला साबणाचं पाणी देत नाही एवढं समाधान मिळालं.

आता त्या रात्रीबद्दल.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. लेकीला कामावर जायला बारा दिवस राहिले होते. रात्रीचे दोन वाजले असतील. ठकी पिऊन झोपली होती, लेक पलंगाच्या कडेला बसून होती आणि मी पाणी प्यायला उठले होते. अंधारातच ती म्हणाली, "आई, मी बाटली घेतली नाही म्हणून तुझी नोकरी गेली ना? आता हिनेही तेच केलंय."

मी म्हटलं, "अगं, ते मी गमतीने म्हणायचे."

ती म्हणाली, "माहितीये. पण लहानपणी मला वाटायचं, मी घ्यायला हवी होती."

मी काहीच बोलले नाही. पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून उभी राहिले.

आमच्या घरातला हा जुना विनोद आहे. मी नोकरी का सोडली असं कोणी विचारलं की मी लेकीकडे बोट दाखवून म्हणायचे, "या बाईसाहेबांना बाटली चालली नाही, मग काय करता!" लोक हसायचे, तीही हसायची. लग्नात व्याह्यांसमोरही हा किस्सा सांगून झाला. तीस-बत्तीस वर्षं मी तो सांगत होते, आणि एकदाही मनात आलं नाही की ज्या पोरीकडे मी बोट दाखवतेय ती तेव्हा तीन महिन्यांची होती.

म्हणून आता खरा हिशेब मांडते. उशीर झालाय, पण मांडते.

लेक १९९१ च्या ऑक्टोबरातली. मी तेव्हा भोसरीला एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात होते, नोकरीला सहा वर्षं झाली होती आणि मला ते काम आवडायचं. बाळंतपणाची रजा कायद्याने बारा आठवडे. दहा दिवस आधी गेले होते, शेवटी पंधरा दिवस बिनपगारी जोडले आणि जानेवारीत, लेक तीन महिन्यांची असताना, कामावर रुजू झाले. सदाशिव पेठेतून भोसरी, पीएमटीच्या बसने, एक बस बदलून. सकाळी आठला घर सोडायचं ते संध्याकाळी सव्वासातला परत.

मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला दिवसातून दोनदा पाजायला वेळ द्यावा, असं १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात लिहिलेलं होतं. मला ते माहीतही नव्हतं, आणि माहीत असतं तरी भोसरीहून सदाशिव पेठेत जाऊन पाजून येणार कशी? तीसपेक्षा जास्त बायका असतील त्या कारखान्यात पाळणाघर असावं असाही नियम होता. आमच्याकडे आम्ही नऊ जणी होतो.

घरी सासूबाई. त्यांनी मनापासून केलं, खोटं का बोलू. पण त्यांचे हात संधिवाताने आखडलेले. डब्यातल्या पावडरीचं दूध बाटलीत भरून त्या दिवसभर लेकीच्या मागे असायच्या आणि लेक तोंड फिरवायची. वरच्या दुधाची चव, रबराचं निपल, आई गायब, सगळं एकदमच. संध्याकाळी मी दारात पाय ठेवायच्या आधी तिचं रडणं जिन्यात ऐकू यायचं. तिचे बाबा ऑफिसातून माझ्या आधी येत. ते अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालत, पण बाटली हातात घेऊन बसावं असं त्यांना सुचलं नाही. त्यांना कोणी सुचवलंही नाही. मीही नाही.

आणि मी? दुपारी बारापासून माझी छाती दगडासारखी व्हायची. ब्लाउज भिजायचा म्हणून मी फाईल छातीशी धरून चालायचे. मग कंपनीच्या बायकांच्या संडासात जाऊन, दाराला आतून कडी लावून, बेसिनमध्ये दूध पिळून टाकायचे आणि वरून नळ सोडायचे. रोज दोनदा. तिकडे लेक उपाशी, इकडे तिचं दूध गटारात!

हे दूध स्वच्छ भांड्यात काढता येतं, साठवता येतं, घरी नेता येतं, हे मला कोणीही सांगितलं नाही. दवाखान्यात नाही, घरात नाही, मैत्रिणींत नाही. गंमत बघा, मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्येच आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली होती. एका आईचं काढलेलं दूध नीट साठवून दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला देत होते. आणि त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी, तिथून दीडशे किलोमीटरवर, मी माझं दूध माझ्याच मुलीला देता येतं हे न कळून बेसिनमध्ये ओतत होते. ज्ञान होतं, ते माझ्यापर्यंत यायला रस्ता नव्हता.

सतरा दिवस मी हे केलं. अठराव्या दिवशी साहेबांना विचारलं, तीन महिने अर्धा दिवस काम, अर्धा पगार, असं चालेल का? साहेब वाईट नव्हते. हसून म्हणाले, "अहो, आधी घर सांभाळा, नोकऱ्या काय मिळतील." मी राजीनामा लिहून दिला. नोकरी पुन्हा मिळाली नाही, म्हणजे तशी मिळाली नाही. पुढे घरी हिशेब लिहायची कामं केली, शिकवण्या केल्या, चांगलं चाललं. तक्रार नाही. खरं सांगायचं तर त्या अठराव्या दिवशी मला सुटल्यासारखंही वाटलं होतं, इतकी मी थकले होते. तेही याच हिशेबात धरायला हवं.

आता सांगा, यात बाटली कुठे आहे? रजा आहे, बस आहे, नऊ बायकांची कंपनी आहे, येरझाऱ्या घालणारा बाप आहे, हसणारे साहेब आहेत, न मिळालेली माहिती आहे, माझा थकवा आहे. आणि या सगळ्याचं बिल मी फाडलं ते कोणाच्या नावावर, तर त्या खोलीत ज्याला उलट बोलता येत नव्हतं अशा एकमेव माणसाच्या. कारण बाकी कोणाच्या नावावर फाडायची माझी हिंमत नव्हती. विनोद करणं सोपं पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी हे सगळं लेकीला सांगितलं. बेसिनसकट. तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे मी फक्त दूध मागत होते." मी म्हटलं, "हो. तेवढंच."

मग मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला लावली. माझ्या आईने बाळंतविड्यात चांदीचं बोंडलं दिलं होतं. नव्या पिढीतल्यांसाठी सांगते, बोंडलं म्हणजे चोच असलेली छोटी वाटी, चोच बाळाच्या ओठाशी लावून दूध पाजायची. १९९१ मध्ये मी ते गुटीपुरतं वापरलं आणि गुंडाळून ठेवलं. जुनाट वाटायचं ना! बाटली म्हणजे आधुनिक, सुशिक्षित आईची खूण. डॉक्टरीणबाईंना दाखवलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, कमी दिवसांच्या बाळांना आम्ही दवाखान्यात असंच पाजतो, दक्षिणेकडे याला पालाडई म्हणतात. सरकारचा आणि बालरोगतज्ज्ञांचाही सल्ला बाटली टाळून वाटी-चमच्याने पाजा असाच आहे, कारण बाटली-निपल नीट स्वच्छ राहिलं नाही तर जुलाब ठरलेले. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायलाच बंदी आहे, हेही मला तेव्हाच कळलं. लेक झाली त्याच्या पुढच्याच वर्षीचा कायदा!

पण म्हणून "बघा, आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं" असा सूर मी लावणार नाही. बोंडल्याने पाजायची जुनी तऱ्हा मी पाहिलेली आहे. बाळाला पायांवर उताणं घालायचं, हात दाबून धरायचे आणि रडताना उघडलेल्या तोंडात दूध ओतायचं. तसं केलं तर दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं, ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरीणबाईंनी बसवून शिकवलं. बाळ जागं हवं, शांत हवं, मांडीवर जवळजवळ बसतं धरायचं, चोच किंवा वाटीची कड खालच्या ओठाला टेकवायची, दूध फक्त ओठापर्यंत आणायचं, ओतायचं नाही. ते तिचं ती जिभेने घेईल. तोंड फिरवलं की थांबायचं. भांडं वापरायच्या आधी दर वेळी उकळायचं. चोचीत दूध अडकून राहतं म्हणून पुढे आम्ही साधी स्टीलची छोटी वाटीच घेतली.

पहिल्या दिवशी दहा मिली आत आणि तीस मिली झबल्यावर. तिसऱ्या दिवशी जावयाने पाजलं, चाळीस मिली. त्याने ऑफिसला सांगून सकाळी उशिरा जायचं ठरवलं, आणि अकराचं पाजणं त्याचं, दुपारची दोन माझी, अशी वाटणी झाली. ठकी मांजरासारखी जीभ बाहेर काढून लप् लप् प्यायची. रडली नाही. मला वाटतं, वाटी ही आई असल्याचं सोंग करत नाही, हे तिला पटलं असावं. हे आपलं माझं मत, डॉक्टरांचं नाही :)

लेक ठरल्या दिवशी कामावर गेली. सगळं सुरळीत झालं असं मात्र कोणी समजू नका. ठकी दिवसा पोटापुरतं, म्हणजे दीडशे-दोनशे मिली प्यायची आणि उरलेला हिशेब रात्री आईकडून वसूल करायची. रात्री चार-चार वेळा उठायची. लेक सकाळी डोळे तारवटून हिंजवडीची वाट धरायची. ऑफिसात दूध काढायला एक खोली आहे, तिला आतून कडी आहे, छोटा फ्रिज आहे. कडी आणि फ्रिज, एवढाच चौतीस वर्षांतला फरक, पण किती मोठा! फ्रिजमध्ये दूध चार दिवस टिकतं. बाहेर चार तास म्हणतात, पण तो आकडा पंचवीस अंशांपर्यंतचा आहे, त्यामुळे पुण्याच्या मार्च-एप्रिलात त्याच्यावर विसंबायचं नाही. ती बर्फाच्या पिशवीतून आणायची. आणलेल्या बाटल्यांवर तारीख-वेळ लिहिलेली असायची. मी त्या फ्रिजमध्ये लावताना दर वेळी मला ते बेसिन आठवायचं.

रजेबद्दलही एक बोलते. २०१७ च्या दुरुस्तीने रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली, हे फार मोठं काम झालं. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने, आणि सहा महिने फक्त आईचं दूध, असा सुरेख मेळ वाटतो. पण तो मेळ जमायला बाईने कळा सुरू होईपर्यंत कामावर असावं लागतं. लेकीने चार आठवडे आधी रजा घेतली, कारण तिचे पाय सुजत होते. म्हणून बाळ पाचव्या महिन्यात आणि आई ऑफिसात. मधला तो एक महिना कोणाच्याच हिशेबात नाही. तो ठकीने, तिच्या आईने, बापाने आणि माझ्या गुडघ्यांनी मिळून काढला. जिथे आजी नाही, बापाला उशिरा यायची मुभा नाही, ऑफिसात कडीची खोली नाही, तिथे तो महिना कोण काढतं? आमच्याकडे भांडी घासायला येणारीची सून बाळंतपणानंतर चाळिसाव्या दिवशी कामावर गेली. तिला कोणत्या कायद्याने किती आठवडे दिले?

आणि हो, ज्यांची बाळं बाटली आनंदाने घेतात त्यांना यातून बोल लावायचा नाही. ज्यांना दूध आलं नाही, ज्यांना पाजणं जमलं नाही, ज्यांनी विचारपूर्वक वरचं दूध दिलं, त्यांनाही नाही. आयांना बोल लावणारे आधीच पुष्कळ आहेत, मी त्यात भर कशाला घालू?

माझं म्हणणं एवढंच आहे. बाळ बाटली घेत नाही तेव्हा आपण पटकन म्हणतो, "हट्टी आहे", "आईला चिकटलंय", "लाडावून ठेवलंय". चार महिन्यांच्या जिवाला हट्ट करायला कुठला वेळ? ते भुकेलं असतं आणि आपल्याला जे ठाऊक आहे ते मागत असतं. अडचण खरीच असते, पण ती आपल्या रजेची, अंतरांची, कामाच्या तासांची, घरातल्या वाटणीची असते. त्यातली कुठली आज बदलता येईल ते बघावं. जी बदलता येणार नाही तिच्याबद्दल निदान तिचं नाव घेऊन बोलावं. आणि गमतीत बोललेलं मुलं ऐकत असतात. माझी लेक ऐकत होती.

आता ठकी नऊ महिन्यांची झाली. वरणभात खाते, नाचणीचं सत्त्व खाते, पेल्याने पाणी पिते आणि उरलेलं माझ्या साडीवर ओतते. पाच बाटल्या अजून कपाटात आहेत. परवा त्यातली एक तिच्या हाती लागली. तिने ती उलटसुलट करून पाहिली, निपल चावलं आणि खेळण्यांच्या टोपलीत नेऊन टाकली.

घरातला तो जुना किस्सा मी बंद केला आहे. गेल्या आठवड्यात एका लग्नात कोणीतरी विचारलं, तुम्ही नोकरी का सोडली होती हो? मी म्हटलं, "बस फार लांबची होती." लेक शेजारीच उभी होती. ती हसली नाही, माझा हात धरला फक्त.